भिंतीवरून गेलेलं विमान

‘झुंड’चा शेवट आठवतोय? नागपुरातल्या एका वस्तीवरून विमान जातं. त्यात त्याच वस्तीतले पोट्टे बसलेत, फुटबॉल खेळायला परदेशी निघालेत. खाली तीच वस्ती आहे, वस्ती आणि कॉलेज यांच्यामधली तीच भिंत आहे, आणि भिंत ओलांडायला सक्त मनाई असल्याचं बजावणारी अक्षरंही तशीच आहेत. थिएटरातून बाहेर पडताना डोळ्यांत विमानही राहतं आणि भिंतही.

मी नागपूरचा. त्यामुळे हा शेवट बघताना मनात आधी नकाशा उघडला. आपलं विमानतळ म्हणजे जुनं सोनेगाव, आताचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याच्या एका अंगाला शहर आहे आणि दुसऱ्या अंगाला मिहान. शिवणगाव, चिंचभवन, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या शेतजमिनी घेऊन उभा राहिलेला हा प्रकल्प. मोबदला आणि पुनर्वसन यांवरून तिथं वर्षानुवर्षं भांडणं चालली. आज तिथं आयटी कंपन्या आहेत, गोदामं आहेत, आणि सेक्टर २० मध्ये एकमेकांना लागून दोन मोठे कॅम्पस आहेत. प्लॉट नंबर १ वर आयआयएम, प्लॉट नंबर २ वर एम्स.

आता तारखा बघा. ‘झुंड’ प्रदर्शित झाला ४ मार्च २०२२ रोजी. आयआयएम नागपूरच्या मिहानमधल्या कायमस्वरूपी कॅम्पसचं उद्घाटन झालं ८ मे २०२२ ला, तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी एम्सचं लोकार्पण केलं. म्हणजे ज्या वर्षी नागपुरातल्या एका कॉलेजच्या भिंतीवर सिनेमा आला, त्याच वर्षी नागपुरात देशातल्या दोन नामवंत संस्थांच्या भिंती औपचारिकरीत्या उभ्या राहिल्या. योगायोगच आहे. पण ‘झुंड’ पुन्हा बघताना तो डोक्यातून जात नाही. कॅम्पस कुणाचा असतो, हा प्रश्न या सिनेमानं जितका नेमका धरला तितका आपल्या फार थोड्या सिनेमांनी धरला. आणि त्याचं उत्तर देताना, माझ्या मते, तो मध्येच चुकला. त्या चुकीबद्दल मला बोलायचंय.

मंजुळेंच्या शाळा

नागराज मंजुळेंच्या सिनेमांत शाळा-कॉलेज ही निव्वळ पार्श्वभूमी नसते. ‘फँड्री’तला जब्या शाळेच्या आवाराजवळ घरच्यांसोबत डुकरं पकडतो, तेव्हा ज्या पोरांसोबत तो बाकावर बसतो तीच पोरं त्याची टर उडवतात. पकडलेलं डुक्कर घेऊन जाताना मागं शाळेची भिंत आहे, भिंतीवर महापुरुषांची चित्रं आहेत. शाळेनं जब्याला नाव दिलंय, हजेरीपटावर नंबर दिलाय, आणि तरी तो तिथला नाही. ‘सैराट’मध्ये वर्गात दलित कवितेबद्दल बोलणाऱ्या शिक्षकाच्या कानाखाली पुढाऱ्याचा पोरगा आवाज काढतो. तिथं तर शिकवणाराच उपरा ठरतो. वर्ग खरा कुणाचा, हे त्या एका थपडेत कळतं.

‘झुंड’मध्ये मंजुळे आणखी मागं सरकतात. इथले पोट्टे शाळेत उपरे ठरायच्या लायकीचेही धरलेले नाहीत. ते भिंतीच्या पलीकडचेच आहेत. कोळसा चोर, चेन ओढ, नशा कर, मारामारी कर. क्रीडाशिक्षक विजय बोराडे (अमिताभ बच्चन) कॉलेजातून वस्तीत जातो आणि पावसात प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारणारी ही पोरं बघतो. या पात्रामागं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे आणि त्यांनी उभी केलेली झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे.

तीन सिनेमे, तीन आवारं. आत असून बाहेरचा विद्यार्थी, आत असून बाहेरचा शिक्षक, आणि बाहेरच असलेली अख्खी झुंड. ‘झुंड’नं यातला सर्वांत अवघड प्रश्न निवडला: आत कसं यायचं, आणि आल्यावर आतलं कसं व्हायचं?

पाचशे रुपये

या प्रश्नाचं सिनेमातलं पहिलं उत्तर मला आजही थक्क करतं, कारण ते फार साधं आहे. बोराडे सर पोरांना म्हणतात, अर्धा तास खेळा, पाचशे रुपये देतो. बस. प्रवचन नाही, नशामुक्तीची शपथ नाही, ‘तुमच्यात टॅलेंट आहे’ वगैरे काही नाही. पोरं पैशांसाठी येतात, खेळतात, पैसे घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मग एक दिवस सर पैसे देत नाहीत, आणि पोरं तरीही खेळतात.

यातली खोच बघा. सरांनी पैसे जिंकण्याचे दिले नाहीत, चांगलं खेळण्याचेही दिले नाहीत. येण्याचे दिले. ज्याच्या दिवसाला बाजारात किंमत नाही, त्याच्या अर्ध्या तासाला किंमत आली. आणि तो अर्धा तास रोज येत राहिल्यामुळे मैदान हळूहळू पोरांचं झालं. मैदानाचा मालक कोण हे बदललं नाही. पोरांच्या पायांना ते ओळखीचं झालं, एवढंच.

कॅम्पसवर आपलेपणा कसा तयार होतो याबद्दल मी बरंच वाचलंय. सेमिनार, इंडक्शन, मेंटॉर, ‘कल्चरल नाइट’. पण ‘झुंड’चा पूर्वार्ध जे सांगतो ते त्यांत क्वचितच सापडतं: आपलेपणाला रिकामा वेळ लागतो, आणि गरिबाकडे नेमका तोच नसतो. ज्या पोराची शिष्यवृत्ती सत्र संपत आलं तरी खात्यावर जमा झालेली नाही, तो कट्ट्यावर बसत नाही. कारण कट्ट्यावर बसलं की चहा होतो आणि चहाचे पैसे कधीतरी आपणही द्यावे लागतात. तो ‘लायब्ररीत जातो’ असं सांगून निघतो. मग लोक म्हणतात, हा मिसळत नाही. त्या पाचशे रुपयांनी बोराडे सरांनी जे विकत घेतलं ते फुटबॉल नव्हतं, पोरांना मिसळायला लागणारा वेळ होता.

पूर्वार्धातलं दुसरं मोठं दृश्य म्हणजे सरांच्या घरातलं. पोरं एकेक करून आपापली गोष्ट सांगतात. अभिनयाचा अनुभव नसलेली ही पोरं कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात, आणि सिनेमा तेवढा वेळ थांबून ऐकतो. तीन तासांच्या या सिनेमात मला सगळ्यांत आवडणारी जागा ही. पण एक गोष्ट टोचते. हे ऐकणं सरांच्या बैठकीत होतं, कॉलेजात होत नाही. कॉलेजातल्या एकाही वर्गानं, एकाही प्राध्यापकमंडळानं ही पोरं ऐकली नाहीत. एका चांगल्या माणसानं आपलं घर उघडलं. संस्था बंदच राहिली.

गोल मारता न येणाऱ्यांचं काय?

इथून सिनेमा वळतो. कॉलेजच्या टीमशी मॅच होते, वस्तीतले पोट्टे जिंकतात, थिएटरात शिट्ट्या पडतात. मीही वाजवली. मग राष्ट्रीय स्पर्धा, मग परदेशी जाण्याची संधी, मग पासपोर्टची धावपळ. या भागातलं मोनिकाचं (रिंकू राजगुरू) उपकथानक फार चांगलं आहे. एका आदिवासी मुलीला ती कोण आहे याचा कागद हवाय आणि तो मिळवण्यासाठी तिच्या बापाची वणवण चाललीय. जात वैधता प्रमाणपत्रासाठी समितीच्या कार्यालयात खेटे घालून ज्यांची ॲडमिशन टांगणीला लागली, त्यांना हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. ती ज्या जमिनीची मूळची, तिथंच तिला आपण असल्याचा पुरावा मागितला जातो.

पण सिनेमाचा गाभा एव्हाना बदललाय. पूर्वार्धात पोरांना मैदान मिळालं ते त्यांनी यावं म्हणून. उत्तरार्धात त्यांना मान मिळतो तो ते जिंकले म्हणून. अंकुश ऊर्फ डॉनला (अंकुश गेडाम) न्यायालयात संधी मागितली जाते, तेव्हा प्रेक्षक म्हणून आपणही मनात म्हणतो, ‘अरे, केवढा चांगला खेळाडू आहे, जाऊ द्या त्याला.’ समजा, तो साधारण खेळाडू असता तर? बेंचवर बसणारा, पास चुकवणारा, तरीही रोज येणारा? त्याला विमानात जागा नाही हे ठीक. पण मग भिंतीच्या अलीकडेही जागा नाही का?

‘झुंड’ हा प्रश्न विचारत नाही. भिंत न पाडता काही गुणवान पोरांना तिच्यावरून पलीकडे नेतो. विमान उंच उडतं, म्हणून भिंत खालीच राहते. शेवटच्या दृश्यात मंजुळेंना हे दिसलंय, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तोवर पाऊण तास आपण ज्या विजयावर टाळ्या पिटल्या, त्या विजयानंच ही भिंत वाचवलीय, हे सिनेमा स्पष्ट म्हणत नाही.

कोणी म्हणेल, सिनेमा आहे, त्याला खेळाचा थरार लागणारच. मान्य. पण हीच रचना आपल्या कॅम्पसवर रोज चालते म्हणून मला ती खटकते. राखीव जागेवरून आलेल्या विद्यार्थ्यानं एकतर तारा बनावं, नाहीतर तो ‘कोटावाला’. खुल्या जागेवरचा मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. गडचिरोलीहून आलेला मुलगा नापास झाला तर त्याच्यासोबत त्याचा जिल्हा, त्याची जमात, आरक्षणाचं अख्खं धोरण नापास होतं. पहिल्याच आठवड्यात मेसच्या रांगेत ‘रँक किती आली तुझी?’ असं सहज विचारलं जातं. विचारणाऱ्याला आडनावावरून जे कळलं नाही ते रँकवरून कळून घ्यायचं असतं. माझ्या ओळखीतल्या एकानं सांगितलं होतं, वर्षभर त्यानं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न येत होते. पण चुकीचा प्रश्न विचारायची ऐपत त्याच्याकडे नव्हती.

म्हणून मला वाटतं, एखाद्या कॅम्पसवर आपलेपणा आहे की नाही याची खूण एकच: तिथं तुम्हाला साधारण असता येतं का? आळस करता येतो का, सुमार विनोद करता येतो का, एका विषयात बॅकलॉग ठेवून गॅदरिंगमध्ये नाचता येतं का, आणि तरीही तुमच्या तिथं असण्याबद्दल कुणी शंका घेत नाही ना? काही जणांना हे जन्मतः मिळालेलं असतं, इतकं की ते त्यांना दिसतही नाही. बाकीच्यांना विमान पकडावं लागतं.

नागसेनवनातला रंगमंच

साधारण असण्याचा हा हक्क देणारा कॅम्पस महाराष्ट्रात कधी झालाच नाही, असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय. परिसराचं नाव नागसेनवन. मराठवाड्यातल्या खेड्यांतून घरातली पहिली शिकणारी पोरं तिथं आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली याच कॉलेजच्या रंगमंचावर बाबासाहेबांसमोर झालं, आणि पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही झालं. मूळचे नागपूरचे गंगाधर पानतावणे तिथं शिकवायला गेले आणि त्यांच्या ‘अस्मितादर्श’नं दलित लेखकांच्या पिढ्या लिहित्या केल्या.

मिलिंदबद्दल बोलताना आपण नेहमी मोठी नावं घेतो. मीही आत्ता तेच केलं. पण नागसेनवनाची खरी कमाई मला दुसरी वाटते. तिथून निघालेले बहुसंख्य लोक प्रसिद्ध झाले नाहीत. ते मास्तर झाले, कारकून झाले, बँकेत लागले. तिथं सगळेच ‘तिकडून’ आलेले होते, त्यामुळे ‘तू कुठून?’ या प्रश्नाचा काटा मोडलेला होता. त्या आवारात असायला त्यांना तारा व्हावं लागलं नाही.

यावर आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. नागसेनवन आपल्यांनी आपल्यांसाठी उभारलेलं होतं. एम्स, आयआयएम ही सगळ्यांची आवारं आहेत, तिथं हे कसं जमावं? त्याचं उत्तर मिलिंदच्याच एका विद्यार्थ्याच्या कामात सापडतं. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, मिलिंदमध्ये शिकलेले सुखदेव थोरात पुढं यूजीसीचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या एम्समध्ये जातीवरून भेदभाव होतो का, हे तपासायला नेमलेल्या समितीचे ते प्रमुख होते. २००७ च्या त्या अहवालात नोंदवलेलं एक निरीक्षण विसरता येत नाही: वसतिगृहात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी ठरावीक मजल्यांवर एकवटले होते. कुठलाही लेखी नियम नव्हता. शेरेबाजी, दारावर टकटक, वाळीत टाकल्यासारखं वागणं, आणि मग एकेक जण खोली बदलत आपल्या माणसांच्या मजल्यावर जातो. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या वैद्यकीय संस्थेत पाटी नसलेली भिंत तयार झाली होती, आणि ती सापडली कारण शोधणाऱ्याला भिंत नसलेला कॅम्पस कसा असतो हे माहीत होतं.

पुढं २०१२ साली यूजीसीनं समतेविषयीचे नियम केले. समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, तक्रारीची पद्धत असं सगळं कागदावर आलं. त्यानंतरही १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. तिच्या तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी पायलची आई आणि रोहितची आई दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि त्यांची एक मागणी होती ती म्हणजे आहेत ते नियम नीट पाळले जावेत.

सेक्टर २०

पुन्हा मिहानकडे येऊ. सीताबर्डीहून ऑरेंज लाइन पकडली की शेवटचं स्टेशन खापरी. मेट्रो विमानतळाच्या कडेकडेनं जाते. खिडकीतून धावपट्टीची बाजू दिसते, माळ दिसतो, मध्येच काचेच्या इमारती. खापरीहून पुढं ऑटो करावा लागतो.

सेक्टर २० मधल्या दोन शेजाऱ्यांत एक फरक आहे. आयआयएमच्या गेटमधून विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि पाहुणे आत जातात. एम्सच्या गेटमधून कुणीही जातं. ओपीडीत यवतमाळ, गडचिरोली, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांतून आलेली माणसं. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत ज्याचं प्रमाण मोठं आहे त्या सिकलसेलचे रुग्ण. डब्यातली पोळी-भाजी बाकावर उघडून बसलेली कुटुंबं. म्हणजे ‘झुंड’ ज्या माणसांना भिंतीपलीकडे ठेवतो ती इथं रोज आत येतात, आजारी म्हणून.

आता अशी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. घरी गोंडी बोलणारी, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. वॉर्डात एका आजीचं बोलणं कुणाला कळत नाहीये, तेव्हा हिला बोलावतात. एका क्षणात ती तिथली सर्वांत उपयोगी माणूस होते. हे छान आहे, आणि कॅम्पसनं असे क्षण जरूर येऊ द्यावेत. पण दर वेळी जेवणाच्या ताटावरून तिलाच उठवलं, आणि बाकी वेळी तिला कुणी नावानं हाक मारली नाही, तर ती पुन्हा ‘झुंड’च्या उत्तरार्धात आलीय. उपयोग आहे म्हणून जागा आहे. तिच्या सोबतच्या चार जणांनी गोंडीतली वीस वाक्यं शिकून घेतली तर गोष्ट बदलते. मग ती जेवू शकते.

हे कॅम्पस अजून नवे आहेत. एम्सची पहिली तुकडी २०१८ ची, तीही सुरुवातीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधारानं शिकली. आयआयएम २०१५ मध्ये व्हीएनआयटीत सुरू झालं. जुन्या संस्थांत मजले ठरून गेलेले असतात, कट्टे वाटले गेलेले असतात, कुणाला काय म्हणून हाक मारायची याच्या खोडी पिढीजात असतात. नव्या जागेत सवयी अजून पडायच्या असतात. म्हणून इथं आत्ता काय होतं याला महत्त्व आहे. मेसमध्ये कोण कुणासोबत बसतं, वसतिगृहात खोल्या चिठ्ठ्या टाकून देतात की ओळखीवर, शिष्यवृत्ती यायच्या आत फी मागतात का, वर्गात मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत विचारलेला प्रश्न शिक्षक आधी पूर्ण ऐकून घेतात का, या बारक्या गोष्टी दहा वर्षांत भिंत होतात किंवा होत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात वर्धा रोडवरच्या एका कॅम्पसच्या गेटबाहेर मी एक बापलेक बघितले. पोराच्या हातात नवी ट्रंक, बापाच्या हातात पाण्याचा कॅन. गार्डनं पोराची कागदपत्रं बघितली, त्याला आत सोडलं, आणि बापाला सांगितलं, पालकांना इथपर्यंतच. नियम असेल, गार्डचा काही दोष नाही. बाप म्हणाला, ‘जाय बे आता, काहून उभा राह्यला?’ पोरगा गेला. बाप गेटच्या गजांतून बराच वेळ बघत राहिला. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, धावपट्टी जवळच आहे. दोघांपैकी कुणीच वर बघितलं नाही.

‘झुंड’ पुन्हा बघणार असाल तर त्या पाचशे रुपयांच्या दृश्यापाशी जरा थांबा. मॅच नंतर आहेच.